पिंजरा, पिशवी की दोरी? आपल्या खाडीतल्या कालवांबद्दल थोडं

कालवांची शेती म्हणजे जगभर एकच, असं धरून चालणारी मंडळी आपल्यात बरीच झाली आहेत. इथे चेसापीक बेच्या काठी एखाद्या शनिवारी बर्फावर मांडलेली डझनभर ऑयस्टर खायची, बिल बघायचं आणि लगेच हिशेब सुरू : "अरे, हे तर आपलं कालव! मालवणात खडकाखडकावर आहे. तिकडे पिंजरे टाकू, मुंबई-गोव्याच्या हॉटेलांना विकू." आमच्या मेरीलँड-व्हर्जिनियातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या वर्षात अशा दोन योजना येऊन गेल्या. एकीत तर पैसे जमवायलाही सुरुवात झाली आहे आणि त्यात एका कुटुंबाची खाडीकाठची वडिलोपार्जित जागा गुंतते आहे. म्हणून हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. पैसे घालायला हरकत नाही, उलट घालावेतच. पण इथली तरंगत्या पिंजऱ्यांची पद्धत उचलून कोकणात नेऊ नका.

कारण समजायचं तर कालवाची जात-कुळी थोडी बघावी लागेल. कालवाचं पिल्लू सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं. मग ते काहीतरी कडक शोधतं, त्याला चिकटतं आणि जन्मभर तिथेच राहतं. खडक, जेटीचा खांब, दुसऱ्या कालवाचं कवच, काहीही चालतं. शेतीच्या सगळ्या पद्धतींतला फरक इथूनच सुरू होतो. चिकटायला काय द्यायचं, आणि चिकटल्यावर ठेवायचं कुठे? तळाशी, पाण्याच्या मध्ये, की वर?

सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत तळाची. रिकाम्या कवचांवर पिल्लं चिकटवून घ्यायची आणि ती कवचं खाडीच्या तळावर पसरून द्यायची. मेरीलँडात केंब्रिज गावाजवळ हॉर्न पॉइंटला विद्यापीठाची हॅचरी आहे, तिथे हेच काम प्रचंड प्रमाणावर चालतं. हॅरिस क्रीक नावाच्या एका उपखाडीत साधारण ३५० एकरांवर दोन अब्जांहून जास्त पिल्लं अशी सोडली गेली. अर्थात ते विकण्यासाठी नव्हतं, खाडी सावरण्यासाठी होतं. धंद्यासाठी हीच पद्धत वापरली तर कष्ट कमी, पण वाट बघावी लागते तीन वर्षं. तोवर खेकडे खातात, पाकट जातीचे मासे थव्याने येऊन कवचं फोडतात, गाळ बसला तर खालची गुदमरतात. जे हाती लागतं ते एकमेकांना चिकटलेले, वेडेवाकडे झुबके. त्यांचं मांस सोलून डब्यात जातं, बर्फावरच्या ताटात नाही. शिवाय कवचांचीच टंचाई. इथली एक संस्था २०१० पासून हॉटेलांतून रिकामी कवचं गोळा करते, कारण कवचाशिवाय पुढचं पीक नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या शिंपल्या भाजून चुना केला, रस्त्यावर टाकल्या. कवच म्हणजे बी पेरायची जमीन आहे, हे इथे सोन्यासारखी शेती हातची गेल्यावर कळलं.

आणि खरोखरच हातची गेली. १८८० च्या दशकात एकट्या मेरीलँडमधून वर्षाला दीड कोटी बुशेलच्या आसपास कालवं निघत. आज चेसापीकमधली कालवं त्या काळाच्या एक-दोन टक्क्यांवर आल्याचं सांगतात. आधी बेसुमार उपसा, मग गाळ आणि सांडपाणी, मग १९४९ पासून डर्मो आणि १९५९ पासून एमएसएक्स हे दोन रोग. जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक विल्यम कीथ ब्रूक्स यांनी १८९१ मध्येच पुस्तक लिहून बजावलं होतं की नुसतं खरवडत राहू नका, शेती करा. ऐकलं कोणी? फार थोड्यांनी.

त्या पडझडीतून पिंजऱ्यांची पद्धत इथे मूळ धरून वाढली. हॅचरीत पिल्लं कवचाच्या बारीक चुऱ्यावर चिकटवतात, म्हणजे एका कणावर एकच. त्यामुळे प्रत्येक कालव सुटं वाढतं, छान खोलगट वाटीसारखं. ही सुटी कालवं जाळीच्या पिशव्यांत भरून पिंजऱ्यात ठेवतात. पिंजरे एक तर तळावर असतात किंवा फ्लोट लावून पाण्याच्या वरच्या थरात तरंगत ठेवतात. वर खाद्य भरपूर, लाटांनी कालवं एकमेकांवर घासून कडा झिजतात आणि आकार सुबक येतो. पण पिशव्यांवर शेवाळ, बार्नेकल आणि काय काय चढतं. म्हणून हंगामात साधारण आठवड्याला एकदा तरी पिंजरे उलटे करून उन्हात सुकवायचे. शिवाय काढायचे, चाळायचे, आकाराप्रमाणे वेगळे करून पुन्हा भरायचे. बोट लागते, बोटीवर यारी लागते, माणसं लागतात. ज्या डझनाचं बिल बघून आपण हिशेब करतो, त्या बिलात ही सगळी मजुरी आहे.

त्या डझनात आणखी एक गोष्ट आहे. इथल्या पिंजऱ्यांतली बरीच कालवं ट्रिप्लॉइड असतात, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली. ती अंडी घालत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यातही मांसल राहतात आणि दीड-दोन वर्षांत विकायला तयार होतात. यामागे स्टँडिश ॲलन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांची १९८० च्या आसपासपासूनची मेहनत आहे, विद्यापीठांच्या पैदास केंद्रांत वर्षानुवर्षं निवडलेले रोगसहनशील वाण आहेत. तरीही उन्हाळ्याच्या तोंडावर ट्रिप्लॉइड कालवं अचानक मरतात, असे प्रकार इथे घडत असतात. म्हणजे इथला पिंजरा नुसता लोखंड आणि जाळी नाही. त्याच्यामागे हॅचरी, विद्यापीठ, पाण्याची तपासणी, विमा अशी सगळी वरात उभी आहे. आपण वरात सोडून नुसता नवरदेव न्यायला निघालो आहोत!

आता कोकणाच्या खाडीकडे या. खरा फरक पावसाचा आहे. जूनला नद्या फुगल्या की खाडीचं खारं पाणी गोडं होऊन जातं. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्याच्या वर तरंगतं. म्हणजे ज्या वरच्या थरात तरंगता पिंजरा ठेवायचा, तोच थर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त दिवस गोडा राहतो. कालव शिंपला घट्ट मिटून काही दिवस तग धरतं, पण पाणी कोमट असेल तर मिटून राहण्याची ताकद लवकर संपते. इथे २०१८ साली बाल्टिमोरमध्ये नोंदींच्या इतिहासातला सर्वाधिक पाऊस झाला आणि खाडीच्या वरच्या भागातल्या शेतकऱ्यांना त्याचा चांगलाच फटका बसला. त्या वर्षीचा तो "विक्रमी" पाऊस सुमारे ७२ इंच होता. सिंधुदुर्गात चार महिन्यांत त्याहून कितीतरी जास्त पडतो, आणि तो दरवर्षी पडतो.

कोणी म्हणेल, पावसाआधी काढून घेऊ. बरोबर, तेच करायला हवं. पण हॉटेलला हवं तेवढं मोठं, खोल वाटीचं सुटं कालव एकाच हंगामात तयार होईलच असं नाही. नाही झालं, तर पावसाळा ओलांडावा लागतो आणि गाडी तिथेच अडते. तळाच्या पद्धतीचं काय? तळाशी पाणी जास्त वेळ खारं राहतं हे खरं, पण पावसात डोंगरावरची लाल माती जी खाली येते, ती तळाशीच बसते.

म्हणून केरळात आणि सिंधुदुर्गात जी पद्धत रुजली, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. उथळ खाडीत बांबू रोवून मांडव करायचा. रिकाम्या कवचांना भोकं पाडून ती दोरीत ओवायची, पाच-सहा कवचांची एक माळ. पावसाळा सरून पाणी पुन्हा खारं होऊ लागलं की या माळा मांडवाला टांगायच्या. खाडीतली पिल्लं आपोआप येऊन चिकटतात. हॅचरी नको, ट्रिप्लॉइड नको, यारी नको. नोव्हेंबर-डिसेंबरला टांगलेली माळ मेच्या सुमारास काढायची, म्हणजे पाऊस यायच्या आत पीक घरात. थंड चेसापीकमध्ये जे दीड-दोन वर्षांत होतं, ते आपल्या उबदार पाण्यात सहा-सात महिन्यांत बऱ्यापैकी उरकतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, १९७० च्या दशकात तुतिकोरिनला यावर प्रयोग केले, मग केरळच्या खाड्यांत महिलांच्या गटांपर्यंत ती नेली. गेल्या दशकात यूएनडीपीच्या प्रकल्पातून ती सिंधुदुर्गातल्या बचत गटांकडे आली, आणि पुढे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने अशा कामांना हात दिला.

तुतिकोरिनच्या प्रयोगांतली एक गंमत सांगायलाच हवी. पिल्लं गोळा करायला तिथे चुन्यात बुडवलेली कौलं वापरली होती. हीच युक्ती फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. कौलाला चुन्याचा थर दिला की पिल्लू चिकटतं आणि मोठं झाल्यावर न दुखावता खरवडून काढता येतं. मंगलोरी कौलं काढून पत्रे घालणाऱ्या आपल्या गावांत जुन्या कौलांचा तुटवडा नाही. हे कोणाला सुचलं असेल तर उत्तमच.

फ्रेंचांकडून शिकण्यासारखं आणखी आहे. ते कालवं पिशव्यांत भरून ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावर लोखंडी बाकांवर ठेवतात. समुद्र दिवसातून दोनदा येतो-जातो आणि सुकवण्याचं काम फुकटात होतं. पण तिथली आधीची पोर्तुगीज जात १९७० च्या सुमारास विषाणूने साफ झाली, मग जपानहून दुसरी जात आणली, आणि २००८ पासून तिच्याही पिल्लांना नागिणीच्या कुळातल्या विषाणूने गाठलं. बाहेरून बी आणायची घाई करणाऱ्यांनी हे वाचावं. आपल्या खाडीत आपली जात आहे, आपली पिल्लं आहेत. विमानाने बी नेण्याची कल्पना ग्रुपवर कोणी गमतीत मांडली असेल, तर ती गमतीतच राहू दे.

आणि जपान. हिरोशिमाच्या आखातात बांबूचे भले मोठे तराफे तरंगतात, खाली स्कॅलपच्या कवचांच्या लांबच लांब माळा. आपल्या मांडवाचीच थोरली बहीण म्हणा. पण मला आठवतात ते मियागी प्रांतातल्या केसेन्नुमाचे कालव-शेतकरी शिगेआत्सु हाताकेयामा. १९८९ मध्ये त्यांनी आणि सोबतच्या कोळ्यांनी डोंगरावर जाऊन झाडं लावायला सुरुवात केली. खाडीचं पाणी डोंगरावर ठरतं, हे त्यांचं म्हणणं. २०११ च्या त्सुनामीत त्यांचे तराफे वाहून गेले, तरी ते पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे कर्ली, कालावल या खाड्यांतल्या रेती-उपशाबद्दल इतकी वर्षं ओरड चालू आहे. ज्या खाडीत ड्रेजर फिरतो, तिथे पिंजरा टाका नाहीतर माळ टांगा, फरक काय पडणार?

आता कच्चं खाण्याचा मुद्दा. कालव दिवसभर पाणी गाळतं. चांगल्या परिस्थितीत एक मोठं कालव दिवसाला ५० गॅलनपर्यंत, म्हणजे जवळजवळ १९० लिटर पाणी गाळू शकतं, असं इथे शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात. त्यामुळे अमेरिकेत कालवाच्या प्रत्येक पोत्याला चिठ्ठी असते, कुठल्या पाण्यातून, कुठल्या दिवशी काढलं याची. हॉटेलने ती चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवायची असते. उन्हाळ्यात काढल्यापासून किती तासांत थंड करायचं, याचेही नियम. हे सगळं कोकणातल्या एखाद्या खाडीपासून पणजीच्या टेबलापर्यंत, मेच्या उकाड्यात, वीज जाते त्या दिवशीसुद्धा पाळता येणार असेल, तरच कच्च्या कालवाचं नाव काढा. आपल्या बायकांनी कालवं नेहमी शिजवूनच खाल्ली-खिलवली. कालवाचं सुकं, कालवाचं सांबारं. त्या सवयीत मोठी सुरक्षितता आहे. पाणी घाण असेल तर शिजवूनही सगळं विष जात नाही हे खरं, पण जंतूंचा निम्म्याहून जास्त घोर तरी कमी होतो.

इथवर झाला पाण्याचा हिशेब. पण मला जास्त टोचतो तो माणसांचा. पिंजरा म्हणजे किंमत असलेला माल. माल ठेवला की राखण आली, राखण आली की हद्द आली. मेरीलँडमध्ये खाडीचा तळ भाडेपट्ट्याने देण्याचा कायदा १९०६ मध्ये झाला, पण पिढ्यानपिढ्या कालवं काढणाऱ्या वॉटरमन लोकांनी त्याला कडाडून विरोध केला. २००९ नंतर कायदा बदलला तेव्हा कुठे शेती नीट सुरू झाली. ते मागासलेले होते म्हणून विरोध करत होते, असं इथले काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. सगळ्यांची खाडी कोणा एकाच्या नावे होईल, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. व्हर्जिनियाने वेगळं केलं. १८९२ ते १८९४ मध्ये बेलर नावाच्या अधिकाऱ्याकडून नकाशा करून घेतला. जिथे नैसर्गिक कालवं आहेत ते दोन लाख एकरांहून जास्त क्षेत्र सर्वांसाठी राखून ठेवलं आणि उरलेल्या तळावर भाडेपट्टे दिले. नकाशात चुका होत्या, वाद आजही होतात. पण आधी काय सगळ्यांचं हे ठरलं, मग खाजगी काय ते.

आपल्याकडे असा नकाशा कुठे आहे? मालवणजवळच्या माझ्या मामी आता सत्तरीच्या आहेत. भरती-ओहोटीचं पंचांग त्यांच्या डोक्यात आहे. ओहोटीला गुडघाभर पाण्यात बसून कालवं फोडायची, दुपारी वाट्याने विकायची, यावर त्यांनी दोन मुली शिकवल्या. फोनवर ग्रुपवरची योजना सांगितली तर त्यांनी एवढंच विचारलं, "पिंजरो घालतलो तो आमका थंय जावक देतलो काय?" याचं उत्तर योजनेच्या वीस पानांत नाही. गुंतवणूक आहे, परतावा आहे, ड्रोनने काढलेले फोटोसुद्धा आहेत. त्या फोटोत ओहोटीला वाकलेल्या चार बायका दिसतात. त्यांचा उल्लेख मजकुरात कुठेच नाही.

काठावरची जागा आपल्या सातबाऱ्यावर असली म्हणून समोरचं पाणी आपलं होत नाही. इथेही पाण्याकाठी बंगले बांधलेल्या लोकांना तसंच वाटतं. तरंगते पिंजरे आले की त्यांचा पहिला आक्षेप असतो, आमच्या खिडकीतून दिसणारं दृश्य बिघडलं. मामींचा आक्षेप दृश्याचा नाही.

दोरीच्या पद्धतीत कमाई फार मोठी आहे, असं मी म्हणत नाही. शंभर किलो कवचासकट कालवं काढली तर मांस हाती येतं आठ-दहा किलो. मेमध्ये सगळ्यांची माळ एकदम निघते, भाव पडतो. एका घराचा संसार त्यावर चालणार नाही, चार महिन्यांचा जोडधंदा होईल. सरकारी अनुदान संपल्यावर मांडव मोडकळीला येण्याची भीती असतेच, बांबू खारफुटीच्या किड्यांनी पोखरतात. हे सगळे दोष आहेत. पण एक माळ तुटली तर नुकसान एका दोरीचं. एक वादळ आलं आणि तरंगत्या पिंजऱ्यांची ओळ सुटली, तर कर्ज शिल्लक राहतं आणि खाडीत प्लास्टिक.

तेव्हा ज्यांना पैसे घालायचेच आहेत त्यांनी माझ्या मते ते असे घालावेत. कालवं वाफवून सोलायला काठावर एक स्वच्छ शेड, गोडं पाणी, आणि मेमधला माल जूननंतर विकता यावा म्हणून फ्रीझर. प्रत्येक गटाकडे पाण्याचा खारेपणा मोजायचं साधं यंत्र, त्याची किंमत आपल्या इथल्या एका जेवणाच्या बिलाइतकी आहे. महिन्याला एकदा पाणी आणि कालवाचं मांस प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च. आणि सगळ्यात आधी, मामींसारख्या बायकांना बोटीत बसवून त्यांच्या रोजच्या जागा कागदावर आणण्याचं काम, जेणेकरून मांडव कुठे घालायचा नाही हे आधी ठरेल. मत्स्य खात्याकडे, ग्रामपंचायतीत तो कागद नोंदवून घ्यायला पायपीट लागेल. ती गावातल्या मुलांनी करावी, एसटीचं आणि झेरॉक्सचं आपण बघू.

हे पटत असेल तर ग्रुपवर नुसता अंगठा देऊन थांबू नका. नोव्हेंबरला माळा टांगायच्या असतील, तर बांबू आणि भोकं पाडलेली कवचं गणपती उरकले की लगेच जमवायला लागतात.